काचेखालची पळापळ

साचिए हिबिनोला कुणी विचारलं, की बाई, तुम्ही करता काय, तर ती सरळ सांगायची, "सकाळी टोस्ट भाजते, मग इलेक्ट्रॉन पकडायला जाते." यात खोटं काहीच नव्हतं. नागोयाच्या पूर्वेला चढावरच्या वस्तीत तिच्या नवऱ्याचं, तादाहारुचं, कॉफीचं दुकान होतं. सकाळच्या कॉफीबरोबर जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं द्यावंच लागतं, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात जाऊन बसतं. साचिए टोस्टवर लोणी आणि वर लाल चवळीचं गोड पुरण फासायची. गर्दी ओसरली की ॲप्रन खुंटीला आणि बाई सायकलवर. चढ उतरला की विद्यापीठ.

विद्यापीठात ती सहायक होती. सहायक म्हणून लागली आणि पन्नाशी उलटली तरी सहायकच राहिली. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं दुसरीकडे प्राध्यापक होऊन बसली. तिला त्याचं वाईट वाटत नसे, असं सांगितलं तर लोकांना पटत नाही, पण खरंच वाटत नसे. वरची जागा म्हणजे बैठका, आणि बैठकांत बसणाऱ्याला यंत्राजवळ बसता येत नाही, एवढी साधी गोष्ट तिला केव्हाच कळली होती. मला विचाराल तर तिच्यावर अन्यायच झाला. पण मला कुणी विचारत नाही आणि तिला तर विचारायची गरजच वाटली नाही.

यंत्र म्हणजे एक पोलादी पिंप. त्याला वरून जाड क्वार्ट्झच्या काचेचं झाकण. आतली हवा उपसून काढायची, किंचित आरगॉन वायू सोडायचा आणि वरून काचेवर मायक्रोवेव्ह सोडायच्या. घराघरात उरलेला भात गरम करायला वापरतात, त्याच लहरी. त्या काचेच्या खालच्या अंगाला धरून पसरतात आणि खालचा वायू जांभळट गुलाबी पेटून उठतो. अणूंपासून सुटलेले इलेक्ट्रॉन त्या उजेडात इकडेतिकडे फिरत असतात. त्यातले बहुतेक आळशी. पण काचेच्या अगदी लगत, अर्ध्या पेराएवढ्या थरात, लहरींचा जोर एकाएकी चढतो आणि तिथल्या काही इलेक्ट्रॉनना असा सणसणीत धक्का बसतो, की ते बाकीच्यांना मागे टाकून सुसाट सुटतात. निदान निवा प्राध्यापकांचं गणित तसं सांगत होतं. ते पळणारे खरोखर आहेत हे दाखवलं साचिएनं.

केसाएवढी बारीक टंगस्टनची तार एका लांब दांडीच्या टोकाला बसवायची आणि ती पिंपाच्या तळातून वर सरकवत थेट काचेखाली न्यायची. तारेत किती वीज येते त्याची रेष कागदावर उमटते. त्या रेषेच्या शेपटाशी फुगवटा आला की समजायचं, पळणारे सापडले. दांडी पेरभर खाली ओढली की फुगवटा गायब. दुसऱ्या एक-दोन देशांतल्या लोकांनी हेच करून पाहिलं. काहींना दिसलं, काहींना नाही, आणि ज्यांना नाही दिसलं त्यांनी साचिएच्या फुगवट्यावर शंका काढल्या. तिनं त्या मनावर घेतल्या नाहीत. पुन्हा मोजलं, पुन्हा सापडला, आणि अशी दहाएक वर्षं सुखात गेली.

दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही हे सगळं ठाऊक होतं, कारण तादाहारुच्या तोंडात तीळ भिजत नसे. खिडकीजवळ रोज बसणाऱ्या ओशिकाआजींचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला.

"काय गं साची-चान, आहेत ना तुझे पळकुटे जागेवर?"

"आहेत आजी. काचेखालीच पळतायत."

"मग बरं. आमचा नातू पण असाच, एका नोकरीत ठरत नाही. त्याला बघ एखादी तार लावून."

आता निवा प्राध्यापकांबद्दल, ज्यांना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. उंच, जरा पुढे झुकलेले, कमालीचे टापटीप. फळ्यावर पट्टी न घेता अशी सरळ रेघ मारायचे, की विद्यार्थी गणित सोडून रेघच बघत बसायचे. साचिएची रेघ मात्र जन्मात सरळ आली नाही. दांडी किती वर घ्यायची त्याची खूण तिनं पिंपाखाली उताणं पडून पेन्सिलीनं केली होती. दांडी जिथून आत शिरते त्या तळाच्या कड्याच्या काठाशी ती खूण आली, की वर तार काचेला लागायच्या बेतात असते. काचेची खालची बाजू बाहेरून दिसत नव्हती, पोलादी कड आड यायची. त्यामुळे सगळी भिस्त त्या खुणेवर.

"हिबिनो-सान, ही खूण आहे की मांजरानं ओरबाडलंय?" सेन्सेई दर वर्षी एकदा तरी विचारायचे.

"दिसते ना, सेन्सेई? मग झालं तर."

वर्ष सरताना आमच्याकडे मोठी साफसफाई असते. घरात, दुकानात, कचेरीत, सगळीकडे. त्या दिवशी प्राध्यापकसुद्धा डोक्याला टॉवेल गुंडाळून हातात फडकं घेतात, आणि जो घेत नाही त्याच्याबद्दल पुढे वर्षभर बोललं जातं. निवा सेन्सेईंचं ते शेवटचं वर्ष, मार्चमध्ये निवृत्ती. म्हणून त्यांनी फडकं जरा जास्तच जोरात फिरवलं. साचिएला दुपारीच निघायचं होतं, दुकानातली भांडी घासायची राहिली होती. निघताना तिनं नेहमीसारखी दांडी थोडी खाली ओढून ठेवली. सुट्टीत भूकंपाचा एखादा हिसका बसला तर तार काचेवर आपटायला नको. ही तिची जुनी सवय. यात कुणाला सांगण्यासारखं काय आहे, असं तिला वाटायचं.

"सेन्सेई, मी येते. बाकीचं सगळं तुमच्यावर टाकून चाललेय."

"जा, जा. तुमचं दुकान आमच्यापेक्षा जास्त चिकट असणार."

नव्या वर्षात तांदळाच्या चिकट मोची-वड्या खाऊन सुस्तावलेली सगळी मंडळी परत कामावर आली. साचिएनं खालून वाकून पाहिलं, खूण काठाशीच होती; साफसफाईत कुणीतरी दांडी परत वर सारली असेल, असं म्हणत तिनं यंत्र सुरू केलं, गुलाबी उजेड पडला. रेष उमटली, पण तिच्या शेपटाशी फुगवटा नव्हता.

पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी तिनं वायूची टाकी बदलली. मग लहरी सोडणारी नळी बदलली. मग तारेतून वीज सोडून ती लाल होईपर्यंत तापवली, म्हणजे तिच्यावर काही चिकटलं असेल तर जळून जावं. रेष सपाट ती सपाट. जानेवारी असाच संपला. ओशिकाआजी रोज विचारायच्या, "आले का गं?" आणि साचिए मान हलवायची. मग एके दिवशी आजींनी विचारणं सोडलं आणि पिशवीतून दोन संत्री काढून टोस्टच्या ताटलीशेजारी ठेवली. त्या दिवशी साचिएला पहिल्यांदा भीती वाटली.

फेब्रुवारीत सेन्सेईंनी तिला खोलीत बोलावलं. त्यांनी स्वतः चहा ओतला, तेव्हाच तिला कळलं की काही बरं ऐकायला मिळणार नाही.

"हिबिनो-सान, मी बराच विचार केला. साफसफाईच्या आधी फुगवटा होता. साफसफाईनंतर नाही. पोरांनी तारेच्या सगळ्या जोडण्या घासूनपुसून लख्ख केल्या. पुसल्यावर जे जातं त्याला मळ म्हणतात."

"दहा वर्षं मळ दिसत होता आपल्याला?"

"असं होतं. मोठमोठ्यांचं झालंय." सेन्सेईंनी चष्मा काढला. "शेवटच्या व्याख्यानात मी सांगून टाकणार आहे. ते पळणारे इलेक्ट्रॉन आम्हांला दिसले नव्हते, आमचं चुकलं, म्हणून. झाकून ठेवून मला जाता यायचं नाही. तुमचं नाव मात्र मी घेणार नाही. चूक माझ्या नावावर राहील."

"नाव घेतलंत तरी चालेल, सेन्सेई. काम माझं आहे."

"तुमचं नाव घ्यायचं आणि चूक सांगायची? नाही जमणार मला."

साचिए वाकून नमस्कार करून बाहेर आली. घरी आल्यावर दुकानाच्या मागच्या खोलीत, कॉफीच्या पोत्यांवर बसून ती रडली. एवढं आयुष्य गेलं, वरची जागा मिळाली नाही, पगार वाढला नाही, त्याचं तिला काही नव्हतं. पण ते इलेक्ट्रॉन तिचे होते. ते तिनं पाहिले होते. आणि ते नव्हतेच, असं जगाला सांगणार होता तो एकच माणूस, ज्याच्या शब्दावर तिचा पूर्ण विश्वास होता. तिला सेन्सेईंचा रागही येईना, कारण त्यांच्या जागी ती असती तर तिनंही तेच केलं असतं. हे सगळ्यात वाईट.

तादाहारु दारात येऊन उभा राहिला. "अगं, पोतं ओलं करू नकोस, महागाचं आहे."

"तुम्हांला काय जातंय बोलायला."

"काही नाही." तो तिच्याशेजारी बसला. "मी एक सांगू? तू खोटं पाहिलं असशील, असं मला नाही वाटत. मला त्यातलं काही कळत नाही, पण तू मला कळतेस."

एवढ्यावर तिनं डोळे पुसले, पण त्यानं काही फुगवटा यायचा नव्हता.

मार्च लागला. सेन्सेईंच्या जागी येणाऱ्या नव्या प्राध्यापकांना जागा हवी होती, म्हणून साचिएनं आवराआवर सुरू केली. दांडी तळातून बाहेर काढली, कापडात गुंडाळण्याआधी सवयीनं पुसायला घेतली आणि पुसता पुसता फिरवली. खूण दांडीच्या भोवती गोल फिरली होती. काटेकोर, सरळ, जणू बोटात घातलेली अंगठी.

साचिए तशीच उभी राहिली. तिची खूण एवढीशी होती, तिरकी, एकाच बाजूला. दांडी जागेवर असताना पुढून तेवढाच तुकडा दिसायचा, आणि खाली वाकून बघणाऱ्याला तो सरळ की तिरका हे कळायचं नाही. ही खूण तिची नव्हती. अख्ख्या विभागात अशी रेघ मारणारा हात एकच होता.

मग बाकीचं कळायला वेळ लागला नाही. सेन्सेईंनी फडकं मारलं, खूण पुसली गेली. दांडी जिथं होती तिथंच, कड्याच्या काठाशी, त्यांनी नवी खूण केली. पण दांडी जिथं असायला हवी तिथं नव्हती, कारण साचिएनं ती खाली ओढून ठेवली होती. गेले दोन महिने ती तार काचेच्या पेरभर खाली धरून बसली होती आणि पळणारे वर, आपल्या थरात, मजेत पळत होते.

तिला आधी हसू आलं. मग प्रश्न पडला, आता हे सांगायचं कुणाला?

दुकान बंद करताना तिनं तादाहारुला सगळं सांगितलं. तो खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होता.

"मग सोपं आहे," तो म्हणाला. "पुसून टाक ती खूण, तुझी वाकडी कर परत, आणि गप्प बस. सेन्सेईंना सांग, आले बुवा आपोआप."

"आपोआप आले म्हटलं की उद्या आपोआप जातील. कारण नाही सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? मग मळच बरा की."

"मग सांग त्यांना सरळ."

"काय सांगू? निवृत्तीच्या तोंडावर, की सेन्सेई, तुमच्या फडक्यानं झालं? त्यांना जन्मभर लागून राहील."

तादाहारुनं खुर्ची खाली ठेवली. "तू दांडी खाली ओढून ठेवतेस, हे त्यांना ठाऊक होतं?"

"नाही."

"का नाही सांगितलंस?"

"एवढ्याशा गोष्टीचा त्यांना कशाला त्रास?"

"आणि खूण पुसली गेली, हे त्यांनी तुला का नाही सांगितलं?"

तादाहारु हसायला लागला, इतका की त्याला काउंटरचा आधार घ्यावा लागला. "कमाल आहे तुमची. एकमेकांना त्रास नको, त्रास नको करत तुम्ही दोघं अख्खं विद्यापीठ बुडवाल."

तिलाही हसू आलं. आणि हसतानाच तिचं ठरलं. आपली चूक आपण सांगायची, तेवढं तर कुणालाही सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी ती दांडी घेऊनच सेन्सेईंच्या खोलीत गेली. अर्धी खोली खोक्यांत गेली होती.

"सेन्सेई, माझ्या हातून एक गोष्ट राहिली होती. सुट्टीवर जाताना मी दांडी खाली ओढून ठेवते. तारेच्या काळजीनं. इतक्या वर्षांत तुम्हांला कधी बोलले नाही. माफ करा."

सेन्सेई पुस्तक खोक्यात ठेवत होते. ते थांबले.

"या वर्षअखेरीसही?"

"हो."

"किती खाली?"

"पेरभर."

त्यांनी हात पुढे केला. तिनं दांडी दिली. त्यांनी ती खिडकीजवळ नेली, हळूहळू फिरवली आणि पाठमोरेच राहिले. मागून त्यांचे कान लाल झालेले तिला दिसत होते.

"अल्कोहोलचं फडकं होतं," ते शेवटी म्हणाले. "एका फटक्यात गेली. तुम्ही निघून गेला होता. म्हटलं, फोन कशाला करायचा, दुकानात कामात असाल. दांडी आहे तिथंच खूण केली."

"छान सरळ केलीत."

"चेष्टा करू नका, हिबिनो-सान."

"नाही, सेन्सेई. खरंच सरळ आहे."

मग ते वळले आणि तिच्यासमोर कमरेत वाकले, इतके खोल, की साचिएला ते बघवेना. म्हणून तीही वाकली, त्यांच्यापेक्षा खोल. ते बघून ते आणखी वाकले. दोघांची डोकी खोक्यावर आपटायची वेळ आली, तेव्हा कुठं दोघं सरळ झाले.

"चला," सेन्सेई म्हणाले. "झाकण उघडू."

दोघांनी मिळून पिंप उघडलं, तार काचेच्या लगत आणून नीट मोजून घेतली, झाकण बंद केलं. पण पिंपात शिरलेली हवा काही लगेच निघत नाही. भिंतींना चिकटलेली वाफ सुटायला दिवस जातात. पंप घरघरत राहिला आणि शेवटचं व्याख्यान जवळ आलं. सेन्सेईंनी पडद्यावर दाखवायला तयार करून ठेवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांत 'आमची चूक' असं शीर्षक असलेला पत्रा होता. तो त्यांनी गठ्ठ्यातून काढला नाही आणि साचिएनंही काढा म्हटलं नाही. आधी बघायचं होतं.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं यंत्र सुरू केलं. गुलाबी उजेड. रेष सरकत सरकत शेपटाशी आली आणि वर उचलली गेली. भरगच्च, स्वच्छ फुगवटा.

सेन्सेई तिच्या मागे उभे होते. "पुन्हा," ते म्हणाले. तिनं पुन्हा मोजलं. मग दांडी पेरभर खाली ओढली. फुगवटा गेला. वर घेतली. आला.

"पुन्हा," सेन्सेई म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज जरा ओला होता. साचिए वळली नाही. तिनं पुन्हा मोजलं. तिला इतका आनंद झाला होता की सेन्सेईंनी न सांगताच तिनं आणखी एकदा मोजलं.

"सेन्सेई," ती निघताना म्हणाली, "उद्या फडक्याचं सांगायला हवं असं काही नाही. खूण सरकली होती, एवढं पुरे."

"बघू," सेन्सेई म्हणाले.

सभागृह भरलं. जुने विद्यार्थी आले, कुणी केस पिकलेले, कुणी पोट सुटलेले. तादाहारुनं दुकानावर बंदची पाटी लावली आणि ओशिकाआजींना घेऊन आला. आजींनी ठेवणीतला किमोनो काढला होता आणि पहिल्या रांगेत बसायचा हट्ट धरला होता. साचिए नेहमीच्या जागी होती, खाली, प्रोजेक्टरपाशी. सेन्सेई बोलणार आणि ती पत्रे बदलणार, इतकी वर्षं असंच चाललं होतं.

सेन्सेई छान बोलले. काचेखाली लहरी कशा पळतात, इलेक्ट्रॉनना धक्का कसा बसतो. 'आमची चूक' तिच्या हाताखालच्या गठ्ठ्यात आलीच नाही. साचिएचा जीव भांड्यात पडला. मग प्रश्नांची वेळ झाली आणि एक पाहुणे प्राध्यापक उठले. या फुगवट्यावर शंका काढणाऱ्यांतले ते एक.

"निवा सेन्सेई, क्षमा असावी. नव्या वर्षापासून तुम्हांला ते वेगवान इलेक्ट्रॉन दिसेनासे झाले, असं कानावर आलंय. मग ते आहेत म्हणायचं की नाहीत?"

सेन्सेईंनी पाण्याचा घोट घेतला.

"आहेत. दोन महिने ते दिसत नव्हते, कारण दहा वर्षं ज्या खुणेवर आम्ही ते पकडत होतो, ती खूण मी वर्षअखेरीच्या साफसफाईत पुसून टाकली. आणि कुणाला न सांगता नवी, चुकीची खूण केली. अतिशय सुबक केली."

आधी कुणी हसेना. मग मागून एक विद्यार्थी फुटला आणि सगळं सभागृह हसायला लागलं. सेन्सेई मात्र हसले नाहीत, आणि हसणं ओसरेपर्यंत थांबले.

"ते पहिल्यांदा कसे सापडले आणि परत कसे सापडले, ते हिबिनो-सान सांगतील. हे काम त्यांचं आहे. मी फक्त साफसफाई केली."

आणि ते व्यासपीठावरून उतरले, थेट प्रोजेक्टरपाशी आले आणि साचिएच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "द्या इकडे. पत्रे मी बदलतो."

कुठल्याही प्राध्यापकाच्या शेवटच्या व्याख्यानात सहायक बोललेली कुणी पाहिली नव्हती. साचिएला पायऱ्या कशा चढलो ते कळलं नाही. वरून तिला तादाहारु दिसला, तोंड वासून बसलेला, आणि पहिल्या रांगेत ओशिकाआजी, शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगत होत्या, "आमची साची-चान आहे ही."

सेन्सेईंनी पहिला पत्रा ठेवला. पडद्यावर फुगवटा उमटला, डोकं खाली, शेपूट वर.

"उलटा आहे, सेन्सेई," साचिए माईकवर म्हणाली.

सेन्सेईंनी मान लववली, घाईघाईनं पत्रा सुलटा केला आणि पुढच्याला हात घालून तिच्याकडे बघत थांबले. ती बोलायला लागली.